कन्हेरीची एकबारी रायफल

प्रवासवर्णन म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे हिमशिखरे, सागरतीर किंवा एखादे पुरातन लेणे उभे राहते. त्यातून कन्हेरी हे नाव घेतले म्हणजे तर मुंबईनजीकच्या बोरीवलीच्या डोंगरातील बौद्ध लेण्यांचीच आठवण व्हावयाची. परंतु आम्ही ज्या कन्हेरीविषयी लिहिणार आहो, ती पुणे जिल्ह्याच्या बारामती तालुक्यातील एक साधी, कोरडवाहू माळ आणि कालव्याचे पाणी यांच्या सीमेवर वसलेली कन्हेरी होय. तेथे लेणे नाही, किल्ला नाही, थंड हवाही नाही. आणि आम्ही तेथे गेलो ते देवदर्शनास अथवा हवापालटास नव्हे, तर एक जुनी बंदूक पाहण्यास व तिची किंमत ठरविण्यास. असल्या कामासाठी केलेला प्रवास सांगण्याजोगा असतो काय, अशी शंका वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. तिचे निरसन पुढील मजकुरानेच व्हावे हे बरे.

पुण्याहून बारामती सुमारे १०० किलोमीटर. दिवेघाट चढून सासवड, तेथून खंडोबाची जेजुरी, मग मोरेश्वराचे मोरगाव आणि कऱ्हेच्या काठाकाठाने बारामती, असा हा मार्ग महाराष्ट्रातील भाविकांच्या पायाखालचा आहे. घाट चढताना जी हिरवळ सोबतीस असते ती जेजुरीपुढे विरळ होत जाते. पश्चिमेकडून येणारे मेघ सह्याद्रीच्या माथ्यावरच रिते होतात आणि या पर्जन्यछायेच्या प्रदेशास त्यांची केवळ सावली लाभते. सुपे, बारामती, इंदापूर या भागात दुष्काळ हा परका पाहुणा नाही. तो घरचाच एक कर्ता पुरुष असल्यासारखा वागतो. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर सरकारने नीरा डावा कालवा काढला आणि त्याच्या पाण्याने या मुलखाचे दोन भाग पडले. कालव्याखाली ऊस, कालव्यावर कुसळ. एका हाताला गुऱ्हाळांचा व कारखान्यांचा मधुर दर्प, आणि दुसऱ्या हाताला बाभळी, हिवर, बोरी आणि तरवड यांनी ठिपकलेला तांबूस माळ.

बारामतीस आम्ही थोडा वेळ थांबलो. ज्या गावी मोरोपंतांनी बाबूजी नाइकांच्या आश्रयाने आर्येवर आर्या रचल्या आणि जेथे १७९४ मध्ये त्यांनी देह ठेवला, ते गाव ओलांडून पुढे जाणे आमच्या पिढीतील माणसास जमत नाही. नंतर इंदापूरच्या रस्त्यास लागलो. याच वाटेवरील काटेवाडीस तुकोबारायांची पालखी आली असता धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढ्यांचे रिंगण होते. ज्यांनी ते पाहिले असेल त्यांस या माळाचे व मेंढपाळांचे नाते निराळे समजावून सांगावयास नको. काटेवाडीच्या शेजारीच कन्हेरी. गावचा मारुती प्रसिद्ध आहे. निवडणुकीच्या प्रचाराचा पहिला नारळ त्याच्यापुढे फोडण्याची पवार घराण्याची प्रथा वर्तमानपत्रांच्या वाचकांस ठाऊक आहेच. आम्हीही नारळ फोडला. मात्र आमच्या मागण्या फारच माफक होत्या.

आता आमच्या येण्याचे कारण सांगतो. आमचे एक स्नेही उमेदीची वर्षे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात घालवून निवृत्त झालेले आहेत. जुन्या बंदुकांचा त्यांस मोठा व्यासंग आणि परवानाही रीतसर आहे. या भागातील एका जुन्या वतनदार घरातून त्यांस निरोप आला की, घरात चार पिढ्यांची एक रायफल आहे, ती आपण पाहावी व पटल्यास घ्यावी. त्या घरी तीन भाऊ. थोरल्यांच्या नावे परवाना. सत्तरी उलटलेली. मधल्यांची मुले बंगळुरास, धाकट्यांची त्याहूनही दूर. पुढच्या पिढीतील कोणासही परवान्याच्या खटपटीत पडावयाचे नाही. त्यात घरची वाटणी निघालेली. शेत मोजता येते, वाड्याचे खण पाडता येतात, भांडीकुंडीही तिघांत वाटता येतात. परंतु बंदुकीचे तीन भाग करता येत नाहीत, आणि कायद्याला तर तिच्यावर एकच नाव हवे असते. धाकट्यांनी विलायतेतील लिलावांचे आकडे वाचले होते व ही वस्तू लाखो रुपयांची आहे असे त्यांस वाटे. थोरल्यांच्या मते ती मोडीच्या भावाचे लोखंड होते. आणि धाकट्यांस अशी शंका की, थोरले तिला लोखंड म्हणतात ते स्वतःकडे ठेवून घेण्यासाठीच! सख्ख्या भावांत शिरलेली ही बारीकशी फट पाहूनच मधल्यांनी आमच्या स्नेह्यांस बोलाविले होते.

रायफल बाहेर काढण्यापूर्वी थोडे त्या जातीविषयी सांगितले पाहिजे. हिला आम्ही एकबारी म्हणतो ती केवळ एक नळी आहे म्हणून नव्हे. हिच्या पोटात काडतुसांचा साठाच नसतो. एक काडतूस हाताने घालावयाचे, एक बार काढावयाचा, आणि रिकामे टरफल काढून पुन्हा दुसरे घालावयाचे. आज ज्यांस यंत्रांची घाई ठाऊक आहे त्यांस हा मागासलेपणा वाटेल. परंतु गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, म्हणजे १८७० ते १९०० च्या दरम्यान, बंदूक घडविणाऱ्या उत्तमोत्तम कारागिरांनी आपली सारी बुद्धी याच जातीवर वेचली. अमेरिकेतील पीबडी याने १८६२ मध्ये खाली झुकणाऱ्या ठोकळ्याची युक्ती काढली. स्वित्झर्लंडमधील मार्टिनी याने ती सुधारली. आणि १८७१ मध्ये इंग्रज सैन्याने मार्टिनी-हेन्री रायफल स्वीकारली. पुढच्याच वर्षी, १८७२ मध्ये, स्कॉटलंडमधील जॉन फार्कर्सन याने एक निराळीच रचना नोंदविली. तीत घोड्याखालची कळ ओढताच नळीच्या बुडाशी असलेला पोलादी ठोकळा सरळ खाली उतरतो, काडतूस आत सारता येते, आणि कळ मिटताच ठोकळा वर येऊन नळीचे बूड भिंतीसारखे बंद होते. ब्रिस्टॉलचे जॉर्ज गिब्ज यांनी त्या हक्कात भागी घेतली आणि मुदत संपेपर्यंत त्यांच्याच दुकानात या रायफली तयार होत. एकूण हजारही निघाल्या नाहीत, असे जाणकार सांगतात.

या रचनेचा गुण असा की, मागे-पुढे सरकणारा दांडा नसल्यामुळे नळी पूर्ण लांबीची ठेवूनही सारी बंदूक चार-पाच इंचांनी आखूड व हातात तोललेली राहते. बळकटीही मोठी. आणि तिसरा गुण यंत्रात नसून शिकाऱ्याच्या स्वभावात उतरणारा. ज्याच्यापाशी एकच बार आहे तो उगाच बार काढीत नाही. वारा कोणीकडचा, अंतर किती, जनावर आडवे आहे की तिरपे, मागे गुराखी तर नाही, हा सारा विचार बोट चापावर जाण्यापूर्वी करावा लागतो. या उघड्या माळावर चिंकारा अथवा काळवीट गाठावयाचा तर दीडशे-दोनशे पावलांवर पोटाने सरपटत जाण्यावाचून गत्यंतर नसे. या कामास ही बंदूक जणू मुद्दाम घडविलेली होती.

ओसरीवर जाजम अंथरले होते. थोरल्या वहिनींनी चहा ठेवला व त्याच जाजमावर एक ओकची, कातड्याने मढविलेली पेटी आणून ठेवण्यात आली. आमच्या स्नेह्यांनी प्रथम कळ खाली ओढून नळी रिकामी असल्याची खात्री करून घेतली आणि मग आम्हांलाही ती दाखविली. शंभर वर्षे कोणी काडतूस घातले नसेल अशी बंदूकही भरलेलीच आहे असे समजून हाताळावी, हा त्यांचा पहिला नियम.

मग त्यांनी जे सांगितले ते या लेखाचे सार होय. ते म्हणाले, "आपल्याकडे पिकाची आणेवारी काढतात, तशी आपण हिची आणेवारी काढू. या देशात, परवान्यासह, याच जातीची निर्दोष व काडतुसांसहित असलेली बंदूक ज्या किमतीस जाईल, ते सोळा आणे. त्यांतले कारागीर व यंत्र यांस पाच आणे, नळीस चार, लाकूड व झिलई यांस दोन, पेटी-कागदपत्र-इतिहास यांस दोन, आणि काडतुसे मिळतात की नाही यास तीन." दुष्काळी मुलखातील त्या तिघा भावांस ही भाषा समजावून द्यावी लागली नाही. दर साली पैसेवारी किती लागते यावर ज्यांचे सारे वर्ष अवलंबून, ते आण्यांतले पीक ओळखतातच.

प्रथम यंत्र. कळ ओढताच ठोकळा लोण्यातून सुरी फिरावी तसा उतरला. कळ मिटल्यावर ती डोलत नव्हती, अथवा ठोकळ्यास बोटाने हलवता हलवेना. ठोकळ्याच्या तोंडाशी, जेथून सुई बाहेर येते, तेथे फुटक्या टोपीतून निसटलेल्या धुराने पोलाद खाल्लेले असते. हे भोक नीट गोल होते. स्क्रूंच्या खाचा धारदार, म्हणजे अडाणी हाताने ते फिरविलेले नाहीत. नळी, ठोकळा व पुढचे लाकूड यांवर एकच अनुक्रमांक. असे तिन्ही आकडे जुळणे हे वंशशुद्धीचे पहिले लक्षण. काडतूस ओढणारी आकडी मात्र थोडी झिजली होती. म्हणून पाचांपैकी साडेचार आणे.

मग नळी. तिचे बूड उजेडाकडे करून आम्ही सर्वांनी आळीपाळीने पाहिले. धाकटे म्हणाले, "आटे तर पुसट दिसतात, नळी झिजलेली आहे." येथे आमच्या स्नेह्यांचा व्यासंग कामी आला. गिब्ज यांच्या रायफलींत विल्यम मेटफर्ड यांनी योजिलेले आटे असतात. ते मुळातच उथळ व गोलसर कडांचे, कारण काळ्या दारूची काजळी त्यांत कमी साठावी. ज्यास हे ठाऊक नाही तो चांगली नळी झिजलेली समजून सोडून देतो, आणि लबाड विकत घेणारा याच अज्ञानाचा फायदा घेतो! परंतु दोष होताच, आणि तो निराळाच निघाला. त्यांनी मऊ शिशाची एक गोळी तेल लावून गजाने नळीतून हळूहळू सरकविली. बहुतेक वाटेत ती सारख्या दाबाने गेली. बुडापासून वीतभर अंतरावर ती खरखरली. तेथे गंजाने खाल्लेले खड्डे होते. काळ्या दारूची राख व जुन्या टोप्यांतील क्षार हवेतील ओल शोषून घेतात; बार काढल्यावर त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुतली नाही, तर पावसाळा आपले काम चोख करतो. चारांपैकी अडीच आणे.

लाकूड अक्रोडाचे, शिरा काळसर, दस्त्याची लांबी मूळचीच. कित्येक घरांत मुलांच्या सोयीसाठी दस्ता कापतात आणि आपल्या हाताने किंमत कापून ठेवतात. येथे तसे झालेले नव्हते. मात्र लोखंड जेथे लाकडात शिरते तेथे केसासारखी एक चीर होती. एकदा कोणी हौसेने फर्निचरचे पॉलिशही फासलेले दिसले. पुढचे लाकूड काढून पाहताच आत, जेथे शंभर वर्षे ऊन पोहोचलेले नाही, पोलादावरचे मूळचे निळे-तांबूस रंग मोराच्या पिसासारखे झळकले. मूळ रूप काय होते ते त्या दोन इंचांनी सांगितले. दोनांपैकी दीड आणा.

पेटीत गज होता, तेलाची कुपी होती, झाकणाच्या आत कारखान्याचा छापील कागद होता. घरची आख्यायिका अशी की, कालव्याच्या कामावर असलेल्या एका गोऱ्या एंजिनियराने पणजोबांस ती निरोपाच्या वेळी दिली. आमचे स्नेही म्हणाले, "आख्यायिका गोड असते, पण तिचे मोल कागदाने ठरते." तेव्हा थोरल्यांनी आतून एक पिवळा पडलेला परवाना आणला. त्यावर अनुक्रमांक होता आणि तो जुळला. १८७८ च्या शस्त्रांच्या कायद्याने हिंदी माणसास परवान्यावाचून हत्यार बाळगण्यास बंदी केली होती व युरोपियनांस मात्र त्यातून मोकळीक होती. या अपमानाविरुद्ध राष्ट्रसभेने वर्षानुवर्षे तक्रार केली. अशा काळात एका खेड्यातील ब्राह्मण गृहस्थाच्या हाती विलायती रायफल असणे ही कृपा होती की विश्वास, याचा विचार त्या कागदाकडे पाहून मनात आल्यावाचून राहिला नाही. एंजिनियराचे पत्र मात्र नव्हते. म्हणून येथेही दीड आणा.

शेवटी काडतूस. नळीवर ४५० बोअर, सव्वातीन इंची, असे कोरलेले होते. आणि येथेच तिचे दैव फिरलेले. मार्टिनी-हेन्री रायफलीतही ४५० ची गोळी लागे आणि ती काडतुसे बंडखोरांच्या हाती पडतील या भयाने सरकारने १९०७ मध्ये या बोअरच्या बंदुका व काडतुसे हिंदुस्थानात आणण्यास मनाई केली. विलायतेतील कारखानदारांनी लगोलग ४७० वगैरे नवे बोअर काढून आपला धंदा सावरला. ज्यांच्या घरी ४५० होती त्यांची बंदूक मुकी झाली. आज या मापाचे काडतूस आपल्या बाजारात मिळत नाही. आणखी एक धोका आहे, तो घरोघरच्या जाणत्यांनी ध्यानात ठेवावा. १८९८ मध्ये याच मापाच्या टरफलात बिनधुराची, कितीतरी अधिक जोराची दारू भरून नवे काडतूस निघाले. ते या नळीत जाऊन बसते. परंतु नळीवरची चाचणीची मोहर केवळ काळ्या दारूची आहे. कोणाच्या जुन्या पेटीत असे काडतूस सापडले व हौसेने उडविले, तर बंदूक व हात दोन्ही गमवावे लागतील. म्हणून काडतुसाच्या तीन आण्यांपैकी शून्य.

साडेचार, अडीच, दीड, दीड. बेरीज दहा आणे झाली. थोरल्यांनी लोखंड म्हटलेली वस्तू दहा आणे निघाली आणि धाकट्यांचे लाखही तेथे उभे राहिले नाहीत.

धाकट्यांनी विचारले, "मग विलायतेत अशीच बंदूक काही हजार पौंडांस जाते, ते खोटे काय?" खोटे नव्हे, परंतु ती किंमत लंडनची आहे. शंभर वर्षांवरची कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि पुरावस्तू देशाबाहेर नेण्यास १९७२ च्या कायद्याने प्रतिबंध आहे; शस्त्र बाहेर पाठविणे ही तर त्याहून कठीण गोष्ट. उलट दिशेने पाहिले तर १९८० च्या दशकापासून नामांकित नेमबाज खेळाडू वगळता सामान्य नागरिकास परदेशी बंदूक आणता येत नाही. त्यामुळे जुन्या विलायती बंदुकांस येथे एरवी मिळाला नसता असा भाव मिळतो. तिकडे एकबारीची हौस अद्यापि जिवंत आहे. अमेरिकेत रूगर यांनी १९६७ मध्ये फार्कर्सनच्याच धर्तीवर नवी रायफल काढली. जर्मनीत ब्लाझर यांची के ९५ डोंगरातल्या शिकाऱ्यांची लाडकी आहे. परंतु कन्हेरीच्या ओसरीवर बसून त्या बाजारातील भाव सांगणे म्हणजे काश्मीरच्या सफरचंदाच्या दराने बोरे विकण्यासारखेच होय.

१९७२ याच वर्षी दुसराही एक कायदा झाला. वन्य प्राण्यांच्या संरक्षणाच्या त्या कायद्याने शिकारीचे युग संपले. ज्या चिंकाऱ्यासाठी ही रायफल घडली तो आता कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. म्हणजे शिकारीची बंदूक, पण शिकार नाही. चालणारे यंत्र, पण काडतूस नाही. मग विकत घेणारा नेमके काय विकत घेतो? आमचे स्नेही म्हणाले, "त्या कारागिराने ठोकळा आणि त्याची खोबण यांत केसाइतकेही अंतर ठेवले नाही. हाताच्या कानशीने. ते मी विकत घेतो."

आता खरा पेच उभा राहिला. मधले जरा संकोचानेच बोलले, "रागावू नये, पण किंमत सांगणार आपण आणि घेणारही आपणच." प्रश्न रास्त होता. ज्यास वस्तूची जाण आहे आणि ज्यास ती हवी आहे, तो एकच असला म्हणजे विकणाऱ्याची गाठ केवळ त्याच्या सचोटीशी असते. आमच्या स्नेह्यांनी कागद मागवून दहा आण्यांचे रुपये करून आकडा लिहिला, सही केली आणि तो जाजमावर मधोमध ठेवला. म्हणाले, "या किमतीस तुम्हा तिघांपैकी कोणी ठेवून घेतो म्हणाला तर रायफल त्याची, त्याने इतर दोघांचे हिस्से याच आकड्याने द्यावे. कोणीही नको म्हटले तर मी घेण्यास बांधलेला आहे. मी कमी लिहिले असेल तर ती मला मिळणार नाही. जास्त लिहिले असेल तर मला भरावे लागेल." तो आकडा येथे देण्याचे प्रयोजन नाही, तो त्या घरचा आहे.

काही वेळ कोणी बोलले नाही. थोरल्यांनी चष्मा लावून आकडा पाहिला व कागद धाकट्यांकडे सरकविला. "तुझी इच्छा असली तर तू ठेव. परवान्याचे मी पाहीन." धाकट्यांनी आकडा दोनदा वाचला. लाखांचे स्वप्न असताना बंदूक घरात राहावी असे त्यांस वाटत होते. पण भावांचे दोन हिस्से खिशातून मोजावयाचे म्हटल्यावर तिचे मोल त्यांच्या मनातच निश्चित झाले. ते हसले आणि म्हणाले, "दादा, तुम्ही लोखंड म्हणत होता ते मला फसविण्यासाठी नव्हे, हे आज समजले." थोरले काही बोलले नाहीत. त्यांनी तंबाखूची डबी धाकट्यांपुढे केली, एवढेच. आमच्या मते त्या दिवशी ठरलेल्या किमतींपैकी सर्वांत मोठी किंमत ती होती.

व्यवहार तेथेच पुरा झाला नाही. कायद्याने होऊही शकत नाही. परवानाधारकास आपले शस्त्र दुसऱ्या परवानाधारकास द्यावयाचे असेल तर जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळचे पोलीस ठाणे यांस घेणाऱ्याच्या नावपत्त्यासह लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर ४५ दिवस थांबावे लागते. भाद्रपदाचा आरंभ होता. आत काम करीत असलेल्या थोरल्या वहिनी हे ऐकून दारात आल्या व बोटांवर तिथी मोजू लागल्या. "म्हणजे खंडेनवमीला ती घरातच असेल." त्या घरी दर खंडेनवमीस सुरी, विळा, नांगराचा फाळ यांच्यासमवेत ही रायफलही पाटावर मांडतात. तिला शेवटचे हळदकुंकू लावण्यास मिळणार, याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसले. सरकारी मुदतीचा असाही उपयोग होतो, हे आम्हांस प्रथमच कळले.

सायंकाळी यजमानांनी आम्हांस माळावर नेले. पावसाने कुसळी गवत गुडघाभर वाढले होते. माळटिटवी ओरडत होती आणि धनगरांचा एक वाडा कालव्याकडे उतरत होता. हा माळ रिकामा दिसतो, आणि 'पडीक' या सरकारी शब्दाने त्याचे फार अहित केले आहे. वस्तुतः चिंकारा, लांडगा, खोकड, ससा यांचा हाच संसार. बारामती तालुक्यात सुप्याजवळ १९९७ मध्ये मयूरेश्वर अभयारण्य झाले. त्याचा विस्तार जेमतेम ५ चौरस किलोमीटर, पण चिंकारा तेथे निर्भयपणे चरताना दिसतो. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या माळावरही चिंकारा व लांडगे पाहण्यास लोक येतात. ज्या माळावर एकेकाळी पुण्याच्या छावणीतील साहेब बंदुका घेऊन येत, तेथे आता दुर्बिणी येतात. दीडशे पावलांवर वारा धरून दबत जाण्याची ती जुनी विद्या मात्र छायाचित्र घेणाऱ्यासही तशीच उपयोगी पडते.

ज्या वाचकांच्या घरी माळ्यावर अथवा कपाटात असे एखादे जुने हत्यार असेल, त्यांस दोन शब्द सांगून हा लेख पुरा करतो. परवाना कोणाच्या नावे आहे व त्याची मुदत केव्हा संपते हे आजच पाहावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीस दोनांहून अधिक शस्त्रे ठेवता येत नाहीत. परवानाधारक वारला तर हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. दुःखाच्या दिवसांत हे कोणास सुचत नाही आणि मग निरपराध मुलांवर बालंट येते. झिलई करू नये, दस्ता कापू नये, सापडलेले काडतूस घालून पाहू नये. आणि ती वस्तू घरात कोणी, केव्हा, कशी आणली हे जाणत्या माणसाकडून लिहवून, तारीख घालून, पेटीत ठेवावे. कन्हेरीच्या त्या घरी एंजिनियराचे एक पत्र असते तर अर्धा आणा अधिक मिळाला असता. खंडेनवमीस थोरल्यांनी घरची सारी हकीकत दोन फुलस्केप कागदांवर लिहून पेटीत ठेवली, असे आम्हांस मागाहून कळले.